लॅपटॉपसाठी बाह्य ब्लू-रे ड्राइव्ह: निवड, जोडणी, वापर आणि डिस्कचे जतन

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालण्याची सोय आता जवळजवळ उरलेली नाही, पण घराघरांतल्या कपाटांत लग्नाच्या चित्रीकरणाच्या, मुंजीच्या छायाचित्रांच्या आणि हौसेने विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्क अजून आहेत. त्या वाचण्यासाठी किंवा स्वतःच्या फाइल्स नव्या डिस्कवर कायमच्या लिहून ठेवण्यासाठी यूएसबीने जोडायचा बाह्य ब्लू-रे ड्राइव्ह हा आजचा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. जोडणीला मिनिटभर पुरते. अडचणी येतात त्या वीजपुरवठ्याच्या, सॉफ्टवेअरच्या आणि डिस्कच्या प्रतीच्या, आणि त्यांतल्या बहुतेक खरेदीपूर्वीच ओळखता येतात. त्यामुळे या लेखाची सुरुवात खरेदीच्या आधीच्या विचारापासून केली आहे.

ड्राइव्ह कशासाठी हवा आहे?

घरी किंवा स्टुडिओत तयार झालेल्या डिस्क वाचायच्या असतील, तर काम सोपे आहे आणि त्यासाठी वेगळा खर्चही फारसा येत नाही. बाजारातून घेतलेले ब्लू-रे चित्रपट लॅपटॉपवर पाहायचे असतील, तर ड्राइव्हबरोबर पैसे देऊन घ्यायचे सॉफ्टवेअर लागते आणि काही प्रसंगी तेही पुरत नाही. कुटुंबाची छायाचित्रे, चित्रफिती, कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती अशा गोष्टी दीर्घकाळ सुरक्षित ठेवायच्या असतील, तर मात्र हा ड्राइव्ह खरोखर मोलाचा ठरतो, आणि माझ्या मते आज तो विकत घेण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लिहिलेली फाइल नंतर चुकून पुसली जात नाही, तिच्यावर दुसरे काही लिहिले जात नाही आणि संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरसही ती बदलू शकत नाही. सतत जोडलेल्या हार्ड डिस्कबद्दल असे म्हणता येत नाही.

या उपायाची मर्यादाही आधीच लक्षात घ्यावी. एका थराच्या ब्लू-रे डिस्कवर २५ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कवर ५० जीबी, आणि बीडीएक्सएल या पुढच्या प्रकारात तीन थरांवर १०० तर चार थरांवर १२८ जीबी. डीव्हीडीच्या ४.७ जीबीच्या तुलनेत हे पुष्कळ आहे, पण दोन टीबी साठा जपायचा असेल तर २५ जीबीच्या ८० डिस्क लागतील, आणि एवढ्या डिस्क लिहून, तपासून, नीट लावून ठेवण्याचा उत्साह फार थोड्या लोकांना पुरतो. म्हणून सगळा साठा डिस्कवर टाकण्याऐवजी जे पुन्हा कधीही मिळणार नाही तेवढेच निवडून डिस्कवर ठेवावे आणि बाकीचा साठा हार्ड डिस्कवर राहू द्यावा.

खरेदी करताना काय पाहावे

बाह्य ब्लू-रे ड्राइव्ह दोन आकारांत मिळतात. पातळ ड्राइव्ह हा लॅपटॉपसाठी बनवलेल्या यंत्रावर आधारलेला असतो, पिशवीत सहज मावतो आणि त्याला वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. मोठा ड्राइव्ह हा डेस्कटॉप संगणकातील यंत्र पेटीत बसवून तयार केलेला असतो. तो जास्त वेगाने लिहितो, पण त्याला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. प्रवास असेल किंवा वापर अधूनमधून असेल, तर पातळ ड्राइव्ह घ्यावा. आठवड्यातून अनेक डिस्क लिहायच्या असतील, तर मोठा ड्राइव्ह अधिक टिकाऊ वाटतो.

नाव वाचताना मात्र सावध राहावे लागते. 'कॉम्बो' म्हणून विकले जाणारे काही ड्राइव्ह ब्लू-रे डिस्क फक्त वाचतात आणि लिहिण्याचे काम केवळ सीडी-डीव्हीडीवर करतात. ऑनलाइन दुकानांत तर साधे डीव्हीडी ड्राइव्हही 'ब्लू-रे' हा शब्द वर्णनात घालून विकायला ठेवलेले आढळतात. खोक्यावर किंवा तपशिलाच्या तक्त्यात 'बीडी-आर' आणि 'बीडी-आरई' या लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कच्या दोन प्रकारांसमोर लिहिण्याचा वेग दिलेला असेल, तरच तो ड्राइव्ह ब्लू-रेवर लिहू शकतो असे समजावे. शंभर जीबीच्या डिस्क वापरायच्या असतील, तर 'बीडीएक्सएल' हा उल्लेखही हवा. तो नसेल तर त्या डिस्क वाचल्याही जाणार नाहीत.

वेगाचे आकडे फसवे वाटतात, कारण प्रत्येक प्रकारच्या डिस्कसाठी '१ एक्स'चा अर्थ वेगळा असतो. ब्लू-रेसाठी १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे ४.५ एमबी, डीव्हीडीसाठी सुमारे १.३८ एमबी आणि सीडीसाठी १५० केबी. पातळ ड्राइव्ह साधारणपणे ६ एक्सने, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ एमबी वेगाने ब्लू-रे लिहितात, आणि घरगुती कामाला हा वेग पुरेसा आहे. चित्रपट पाहण्यासाठी तर २ एक्सदेखील पुरतो, कारण ब्लू-रे चित्रपटाचा एकूण प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिट, म्हणजे दीड एक्स इतकाच असतो.

खरेदी फार लांबणीवर टाकू नये, असे मला मनापासून वाटते. सोनी कंपनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले, आणि सॅमसंग कंपनी २०१९ मध्येच ब्लू-रे प्लेअरच्या नव्या मॉडेल्समधून बाहेर पडली होती. डिस्क आणि ड्राइव्ह आजही मिळतात, पण उत्पादक कमी होत आहेत. ज्यांना डिस्कवर संग्रह ठेवायचा आहे, त्यांनी चांगल्या प्रतीच्या डिस्क आणि शक्य असल्यास एक जादा ड्राइव्ह वेळेत घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

जोडणी आणि विजेचा प्रश्न

खरेदीनंतर येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वाधिक तक्रारींचे मूळ अपुऱ्या विजेत असते, म्हणून हा भाग सविस्तर समजून घ्यावा. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट देतो. पातळ ब्लू-रे ड्राइव्हला डिस्क फिरायला लागताना आणि विशेषतः लिहिताना यूएसबी २.०च्या मर्यादेपेक्षा अधिक वीज लागू शकते. ती मिळाली नाही, तर ड्राइव्ह टकटक आवाज करतो, डिस्क फिरायला लागून थांबते, ड्राइव्ह मध्येच संगणकावरून नाहीसा होतो किंवा अर्धी लिहिलेली डिस्क वाया जाते. सीडी व्यवस्थित चालते, पण ब्लू-रे घातली की ड्राइव्ह बंद पडतो, असे दिसले तर पहिला संशय विजेवरच घ्यावा.

ड्राइव्ह यूएसबी ३ पोर्टला जोडावा, असे जे सांगितले जाते त्याचे खरे कारण विजेत आहे. वेगाचा विचार केला, तर सेकंदाला २७ एमबी इतकी माहिती यूएसबी २.०मधूनही जवळपास पूर्ण वेगाने जाऊ शकते. यूएसबी ३ पोर्ट अनेक लॅपटॉपवर आतल्या निळ्या पट्टीवरून ओळखता येतो. सी-प्रकारचे पोर्ट बहुधा याहून जास्त वीज देऊ शकतात, त्यामुळे फक्त सी-पोर्ट असलेल्या लॅपटॉपवरही चांगल्या प्रतीचा साधा अडॅप्टर किंवा सी-केबल वापरून ड्राइव्ह नीट चालतो.

जोडताना पुढील क्रम पाळावा. ड्राइव्ह टेबलावर सपाट ठेवावा; पलंग, उशी किंवा मांडी ही योग्य जागा नव्हे, कारण फिरत्या डिस्कला बसलेला धक्का ओरखड्याचे कारण ठरतो. ड्राइव्हबरोबर आलेलीच केबल वापरावी आणि ती थेट लॅपटॉपमध्ये घालावी. अनेक उपकरणे लागलेल्या, स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये ती घालू नये, कारण तिथे एकाच पोर्टची वीज सर्वांत वाटली जाते. लॅपटॉप चार्जरवर असू द्यावा. काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल येते. लॅपटॉप जुना असेल तर तिची दोन्ही तोंडे दोन पोर्टमध्ये घालावीत, म्हणजे दोन्हीकडची वीज ड्राइव्हला मिळते. केबल जोडल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच डिस्क घालावी.

विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. 'धिस पीसी' उघडल्यावर ड्राइव्हचे नाव 'बीडी-आरई ड्राइव्ह' असे दिसले, तर लिहिणारा ब्लू-रे ड्राइव्ह ओळखला गेला असे समजावे. तिथे 'बीडी-रॉम' दिसले, तर तो ब्लू-रे फक्त वाचणारा आहे, आणि 'डीव्हीडी आरडब्ल्यू' दिसले, तर हाती आलेला ड्राइव्ह ब्लू-रेचा नाहीच. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एवढे तपासून घ्यावे. मॅकवर रिकाम्या ड्राइव्हचे चिन्ह दिसत नाही, ते डिस्क घातल्यावरच उमटते, त्यामुळे सुरुवातीला काहीच दिसले नाही तरी घाबरू नये. लिनक्सच्या प्रचलित आवृत्त्यांतही ड्राइव्ह आपोआप ओळखला जातो.

घरच्या डिस्क वाचणे

स्टुडिओने दिलेल्या लग्नाच्या किंवा कार्यक्रमाच्या ब्लू-रेवर सहसा कोणतेही कुलूप नसते. डिस्क घातल्यावर ती फोल्डरसारखी उघडावी. आत 'बीडीएमव्ही' नावाचा फोल्डर असतो, त्याच्या आत 'स्ट्रीम' नावाचा, आणि त्यात 'एमटूटीएस' प्रकारच्या फाइल्स असतात. चित्रण याच फाइल्समध्ये असते. आकाराने सर्वांत मोठी फाइल बहुधा मुख्य कार्यक्रमाची असते. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती थेट उघडते. जुन्या डीव्हीडीत हेच काम 'व्हिडिओ टीएस' फोल्डरातील 'व्हीओबी' फाइल्स करतात.

मेन्यू दिसत नाही म्हणून डिस्क खराब झाली असा निष्कर्ष काढू नये. ब्लू-रेचे काही मेन्यू जावा या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि संगणकावर जावा नसेल तर व्हीएलसी ते दाखवू शकत नाही, पण चित्रण शाबूत असते. डिस्क वाचली जाते आहे असे दिसताच पूर्ण 'बीडीएमव्ही' फोल्डर लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा आणि पाहण्यासाठी ती प्रत वापरावी. मूळ डिस्क पुन्हा पुन्हा फिरवण्याचे कारणच मग उरत नाही.

जुनी डिस्क अडखळत असेल, तर ती सुती, मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या मार्गाबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग बिघडवतो, तर आडवा बारीक ओरखडा ड्राइव्हच्या त्रुटी-दुरुस्तीला झेपतो. ब्लू-रेचा माहितीचा थर वाचण्याच्या बाजूने अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ मिलिमीटरवर. म्हणूनच ब्लू-रेवर कठीण लेप दिलेला असतो. बारीक चरे तो सहन करतो, पण त्याखालची जागा अगदीच कमी असल्याने खोल ओरखडा मात्र घातक ठरतो. टूथपेस्ट किंवा घासण्याची पावडर लावण्याचे घरगुती उपाय ब्लू-रेवर मुळीच करू नयेत.

विकतचे चित्रपट पाहणे

बाजारातील ब्लू-रे चित्रपटांवर एएसीएस नावाचे सांकेतिक कुलूप असते. ड्राइव्हने डिस्क वाचली, तरी ते कुलूप उघडण्याचा परवाना असलेले प्लेअर सॉफ्टवेअर संगणकावर असल्याशिवाय चित्र दिसत नाही. विंडोज आणि मॅक या दोन्हींमध्ये असे सॉफ्टवेअर मुळात दिलेले नाही. ॲपलने तर आपल्या संगणकांत ब्लू-रे ड्राइव्ह कधीच बसवला नाही. विंडोजवर सायबरलिंकच्या पॉवरडीव्हीडीची ब्लू-रे चालवणारी आवृत्ती हा सर्वांत रुळलेला पर्याय आहे. ती घेण्याआधी ड्राइव्हच्या खोक्यात तिच्या परवान्याचा क्रमांक किंवा डिस्क आलेली आहे का, ते पाहावे, कारण काही उत्पादक ती सोबत देतात. व्हीएलसीवर कुलूपबंद डिस्क नुसत्या बसवलेल्या स्थितीत चालत नाहीत.

हे सॉफ्टवेअर एकदा बसवून विसरून जाण्यासारखे नसते. कुलुपाच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात, आणि जुन्या आवृत्तीतील किल्ल्या नव्या चित्रपटांना लागू पडत नाहीत. कालपर्यंतच्या सर्व डिस्क चालतात आणि नवी आणलेली चालत नाही, असे झाल्यास इंटरनेट जोडून प्लेअर अद्ययावत करावा. लॅपटॉपचे चित्र टीव्हीवर किंवा मोठ्या पडद्यावर न्यायचे असेल, तर एचडीएमआय केबल वापरावी आणि पडदा एचडीसीपी संरक्षण मानणारा असावा. जुन्या व्हीजीए केबलने जोडलेल्या प्रोजेक्टरवर अशा डिस्कचे चित्र बहुधा अडवले जाते.

परदेशातून येणाऱ्या डिस्कबाबत प्रदेश-संकेताचा विचार करावा लागतो. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेले आहेत: अमेरिका खंड, जपान आणि आग्नेय आशिया 'ए' विभागात, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया 'बी' विभागात, तर भारत, चीन आणि रशिया 'सी' विभागात. न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाने पाठवलेली डिस्क पुण्यातल्या लॅपटॉपवर चालली नाही, तर दोष बिघाडाचा नसून संकेताचा असण्याची शक्यता मोठी. पुष्कळ ब्लू-रे डिस्क सर्व विभागांत चालतील अशाच बनवलेल्या असतात, त्यामुळे मागवण्यापूर्वी मागच्या बाजूचे चिन्ह कळवायला सांगावे. ब्लू-रेचा विभाग प्लेअर सॉफ्टवेअर तपासते. डीव्हीडीचा विभाग मात्र ड्राइव्हच्या आतच नोंदलेला असतो, तो जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्या बदलानंतर कायमचा पक्का होतो. भारताचा डीव्हीडी विभाग ५ आहे आणि अमेरिकेचा १. एका डीव्हीडीसाठी विभाग बदलण्याची सूचना पडद्यावर आली, तर नीट विचार करूनच होकार द्यावा.

फोर-के दर्जाच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेबाबत माझे मत स्पष्ट आहे: त्या लॅपटॉपवर पाहण्याचा खटाटोप करू नये. त्यांच्या अधिकृत प्लेबॅकसाठी इंटेल प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षा-सुविधा आवश्यक होती, आणि इंटेलने कोअर मालिकेच्या अकराव्या पिढीपासून ती काढून टाकली. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये आणि मॅकवर हा मार्ग कधी उपलब्धच नव्हता. म्हणजे लॅपटॉप जितका नवा, तितकी ही डिस्क अधिकृतपणे चालण्याची शक्यता कमी. अशा चित्रपटांची आवड असणाऱ्यांनी टीव्हीला जोडायचा अल्ट्रा एचडी प्लेअर किंवा डिस्कची सोय असलेला प्लेस्टेशन ५ घ्यावा. या प्रकाराला प्रदेश-संकेत नसल्यामुळे कुठूनही मागवलेली डिस्क त्यावर चालते.

कुलूप तोडून प्रत काढणारी साधने इंटरनेटवर सापडतात. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-एनुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास आणि दंडास पात्र गुन्हा आहे. या लेखात त्या वाटेचा विचार केलेला नाही.

स्वतःची डिस्क लिहिणे

आता सर्वांत महत्त्वाचे काम. पहिला निर्णय डिस्कचा. 'बीडी-आर' एकदाच लिहिता येते आणि 'बीडी-आरई' पुसून पुन्हा लिहिता येते. कायमच्या संग्रहासाठी बीडी-आर घ्यावी, आणि तीही असेंद्रिय थराची, जिला एचटीएल म्हणतात. 'एलटीएच' असा उल्लेख असलेल्या स्वस्त डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि तो प्रकाश व उष्णतेने लवकर बिघडतो. संग्रहासाठी त्या टाळाव्यात. एम-डिस्क हा दीर्घायुष्यासाठी विकला जाणारा प्रकार २५, ५० आणि १०० जीबीत मिळतो. हजार वर्षे टिकण्याचा त्याचा दावा उत्पादकांचा आहे आणि तो तपासायला आपल्यापैकी कोणी असणार नाही, पण अत्यंत मोलाच्या गोष्टींच्या एका प्रतीसाठी हा प्रकार वापरायला हरकत नाही. क्षमतेबाबत विचाराल, तर मी २५ जीबीची एका थराची डिस्क सुचवेन, कारण थर वाढले की लिहिणे अधिक नाजूक होते आणि एक डिस्क बिघडली तर नुकसानही मोठे होते.

दुसरे काम फाइल्स लावण्याचे. एका डिस्कसाठी एक फोल्डर करावा आणि त्यात वर्षाप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे उपफोल्डर ठेवावेत. डिस्कवर २५ जीबी छापलेले असले, तरी विंडोज ती जागा सुमारे २३.३ जीबी दाखवते, कारण उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोजचे मोजमाप १०२४च्या पटीत चालते. फोल्डर २२ जीबीच्या आसपास थांबवावा. डिस्कची अगदी बाहेरची कड लिहिताना त्रुटी जास्त येतात, ती मोकळी राहिलेली बरी. फोल्डरात काय काय आहे याची साधी मजकूर फाइल तयार करावी आणि तिच्यासोबत चेकसमची यादीही ठेवावी. चेकसम म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेली अंकाक्षरांची ठरावीक लांबीची खूण. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ती बदलते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल जशीच्या तशी आहे की नाही हे खात्रीने सांगता येते. ही यादी काढणारी मोफत साधने सर्व प्रणालींवर मिळतात.

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातल्यावर दोन पर्याय समोर येतात. 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' हा पर्याय वरवर सोयीचा वाटतो, पण त्यात डिस्क अर्धवट उघडी राहते आणि दुसऱ्या संगणकावर वाचताना अडचण येऊ शकते. संग्रहासाठी 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसह' हा दुसरा पर्याय घ्यावा, ज्यात सर्व फाइल्स एकाच वेळी लिहिल्या जातात. अधिक नियंत्रण हवे असेल तर इमेजबर्न हे जुने पण विश्वासार्ह मोफत साधन वापरावे. त्यात फाइल-रचना यूडीएफ निवडावी, कारण जुन्या आयएसओ ९६६० रचनेत ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइल्सची अडचण येते आणि चित्रफिती सहज त्याहून मोठ्या असतात. मॅकवर फाइंडरमधूनच फोल्डर बर्न करता येतो. लिनक्सवर के-थ्री-बी चांगले काम करते.

वेग डिस्कवर छापलेल्या कमाल वेगाहून एक पायरी खाली ठेवावा. ६ एक्सच्या डिस्कसाठी ४ एक्स हा माझा नेहमीचा सल्ला आहे. त्या वेगाने २५ जीबी लिहायला साधारण २३ ते २५ मिनिटे लागतात आणि तपासणीला जवळपास तेवढीच. 'लिहिल्यानंतर पडताळणी' हा पर्याय कधीही बंद करू नये. लिहिणे सुरू करण्यापूर्वी लॅपटॉप चार्जरला लावावा, झोपेत जाण्याची मुदत काढून टाकावी, मोठे डाउनलोड थांबवावेत आणि मधल्या वेळात ड्राइव्हला किंवा केबलला हात लावू नये. ज्या भागात वीज वारंवार जाते, तिथे अडॅप्टरवर चालणारा मोठा ड्राइव्ह यूपीएसवर असावा. पातळ ड्राइव्हला लॅपटॉपची बॅटरीच आधार देते, हा त्याचा एक दुर्लक्षित फायदा आहे. लिहून झाल्यावर डिस्क एकदा बाहेर काढून पुन्हा घालावी, दोन-चार मोठ्या फाइल्स उघडून पाहाव्यात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवरही ती वाचून पाहावी. आपल्याच ड्राइव्हवर वाचली जाणारी पण इतरत्र न उघडणारी डिस्क संग्रहाच्या उपयोगाची नसते.

जतन

डिस्कवर नाव लिहायला डिस्कसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्कर वापरावा. बॉलपेन आणि चिकटवायचे लेबल दोन्ही टाळावीत, कारण लेबलामुळे डिस्कचा तोल बिघडतो आणि त्याचा गोंद पुढे त्रास देतो. प्रत्येक डिस्क स्वतंत्र कडक डबीत उभी ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवा हा मोठा शत्रू आहे, म्हणून डब्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून जेल दरवर्षी बदलावे किंवा वाळवून घ्यावे. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा अतिशय तापतो; तिथे डिस्क ठेवू नयेत. घराच्या मधल्या खोलीतले, उन्हापासून दूर असलेले कपाट सर्वांत चांगले. थंड खोलीतून दमट हवेत आणलेल्या डिस्कवर आणि ड्राइव्हच्या भिंगावर बाष्प धरते, तेव्हा अर्धा तास थांबून मगच वापर करावा.

एकाच मजकुराच्या दोन डिस्क लिहून दुसरी वेगळ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवावी. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या उत्पादकांच्या असतील तर आणखी चांगले, कारण एखाद्या खेपेतील दोष मग दोन्ही प्रतींना लागत नाही. वर्षातून एकदा दोन्ही संचांतली एखादी डिस्क काढून चेकसम जुळवून पाहावेत आणि वाचनाचा वेग पडू लागला किंवा खुणा जुळेनाशा झाल्या, तर दुसऱ्या प्रतीवरून ताबडतोब नवी डिस्क लिहावी.

अडचण आल्यास

ड्राइव्ह दिसतच नसेल, तर आधी दुसरा पोर्ट, मग दुसरी केबल, मग दुसरा संगणक या क्रमाने तपासावे; दुसऱ्या संगणकावर तो चालला तर दोष पहिल्या संगणकात, बहुधा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळे चिन्ह असेल, तर तिथूनच त्याची नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. जुने डिस्क-बर्निंग सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतर हे चिन्ह आले असेल, तर त्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, मागे सोडलेल्या 'अप्पर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या नोंदी कारणीभूत असू शकतात, आणि त्या काढण्याचे काम जाणकाराकडून, रजिस्ट्रीची प्रत घेऊनच करवून घ्यावे.

सीडी आणि डीव्हीडी चालतात, पण कोणतीच ब्लू-रे चालत नाही, असे झाल्यास आणि वीजपुरवठा पुरेसा असल्यास लेसरवर संशय घ्यावा. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळट लेसर लागतो, तर डीव्हीडीसाठी ६५० आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, त्यामुळे एक बिघडून बाकीचे चालू राहू शकतात. अशा ड्राइव्हची दुरुस्ती सहसा परवडत नाही. हमीची मुदत असेल तर तो बदलून घ्यावा.

डिस्क आत अडकली आणि बटण दाबूनही ट्रे उघडत नसेल, तर ड्राइव्हची केबल काढावी, डिस्क फिरायची थांबेपर्यंत मिनिटभर वाट पाहावी, ट्रेच्या पुढच्या भागावरचे बारीक छिद्र शोधावे आणि सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात सरळ रेषेत हळूच दाबावी. ट्रे थोडा बाहेर आला की तो हाताने ओढून डिस्क काढता येते. ज्या ड्राइव्हमध्ये ट्रेऐवजी नुसती फट असते, त्यात असे छिद्र बहुधा नसते. तिथे केबल पुन्हा जोडताच बाहेर काढण्याचा आदेश संगणकावरून द्यावा, आणि तेवढ्यानेही डिस्क बाहेर आली नाही तर चिमटा किंवा पट्टी न घालता ड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानात न्यावा.